पावसाळा, गणपती आणि तापाची साथ: कोकणातल्या घरासाठी

फ्लूविषयी वाचायला घेतलं की बहुतेक ठिकाणी डिसेंबरची थंडी, लोकरीचे कपडे आणि घट्ट बंद केलेल्या खिडक्या भेटतात. हे वेळापत्रक थंड देशांचं. कोकणात सर्दी-तापाची मोठी लाट येते ती पावसात. जूनमध्ये शाळा उघडतात, जुलैत लावणीची धांदल असते, भाद्रपदात घरं माणसांनी भरतात आणि या तीन-चार महिन्यांत दवाखान्याच्या बाकांवर खोकणाऱ्यांना बसायला जागा उरत नाही. आपल्या देशात फ्लूचे दोन हंगाम धरले जातात: एक जानेवारी ते मार्च, दुसरा पावसाळा आणि त्यानंतरचे काही आठवडे. पहिला विसरून चालत नाही. २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एच३एन२ या फ्लूने महाराष्ट्रात पुष्कळ माणसं अंथरुणाला लावली होती. तरी कोकणातल्या घराने तयारी करायची ती मुख्यतः पावसाळ्याची.

त्यातच एखादी महासाथ चालू असली, जशी २०२० पासून करोनाची होती, की गुंता वाढतो. खोकला तोच, ताप तोच, कारणं मात्र चार-पाच. जागतिक आरोग्य संघटनेने करोनाची आणीबाणी ५ मे २०२३ ला संपल्याचं जाहीर केलं, पण विषाणू गेलेला नाही. पुढची महासाथ करोनाच्या नव्या रूपाची असो की एखाद्या नव्या फ्लूची, घरात करायच्या बऱ्याचशा गोष्टी त्याच राहणार आहेत.

खोकला एक, विषाणू अनेक

साधी सर्दी करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. त्यांतला सगळ्यात नेहमीचा म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याला नाक आवडतं, कारण नाकातली हवा शरीराच्या आतल्या भागापेक्षा थंड असते, साधारण ३३ अंश सेल्सिअस, आणि त्या तापमानाला तो चांगला वाढतो. पावसात भिजलं म्हणून सर्दी झाली असं आपण सर्रास म्हणतो. विषाणू आत गेलाच नसेल तर नुसत्या भिजण्याने सर्दी होत नाही. पण तो आधीच नाकात येऊन बसला असेल तर अंग गारठल्यावर त्याला थोडी मोकळीक मिळू शकते. तेव्हा भिजून आलेल्या पोराचं डोकं पुसून कोरडे कपडे घालणारी आजी चुकत नाही. एवढंच, की वर्गात त्याच्या शेजारी शिंकणारा मुलगा हे त्या सर्दीचं खरं कारण असतं.

फ्लू म्हणजे इन्फ्लुएन्झा. तो दबकत येत नाही. सकाळी शेतावर गेलेला माणूस दुपारी गोधडी ओढून पडतो: एकदम चढलेला ताप, अंग मोडून येणं, डोकं ठणकणं, कोरडा खोकला. विषाणू शरीरात शिरल्यापासून एक ते चार दिवसांत लक्षणं दिसतात, आणि ती दिसायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. २००९ मध्ये ज्याला आपण स्वाइन फ्लू म्हणून घाबरलो, तोच एच१एन१ आज दरवर्षीच्या हंगामी फ्लूचा भाग आहे. तेव्हा तो जगाला नवा होता, बहुतेकांच्या शरीराची त्याच्याशी ओळख नव्हती, म्हणून महासाथ झाली.

करोनाला लक्षणं दाखवायला दोनपासून चौदा दिवस लागू शकतात. सुरुवातीच्या काळात वास-चव जाणं ही त्याची खूण होती. नंतरच्या रूपांत ती तितकीशी राहिली नाही. म्हणून आता लक्षणांवरून फ्लू की करोना हे अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत, ते चाचणीच सांगते. घरच्या घरी करायचं किट वापरलंत आणि पहिल्या दिवशी ते निगेटिव्ह आलं, तर तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दोन दिवसांनी पुन्हा करा. चाचणीची सोय नसेल तर? तर घरात वागायची पद्धत तिन्हींसाठी एकच ठेवायची. नाव कळायची वाट न बघता पहिल्या शिंकेपासून काळजी घ्यायची.

पडवीला बांधलेली ताडपत्री

हे तिन्ही आजार प्रामुख्याने श्वासातून पसरतात. खोकताना, बोलताना, गाताना तोंडातून थेंब उडतात. मोठे थेंब हातभर-दोन हातांवर खाली पडतात. अगदी बारीक असतात ते हवेत तरंगत राहतात, चुलीच्या धुरासारखे. बंद खोलीत धूर कोंडतो तसे तेही कोंडतात आणि समोरासमोरची दारं-खिडक्या उघडल्या की पातळ होऊन निघून जातात. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून कळतो, हे थेंब कळत नाहीत.

आता आपलं पावसाळ्यातलं घर आठवा. झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून पडवीला पूर्वी माडाची झापं बांधत, आता निळी नाहीतर हिरवी ताडपत्री बांधतात. वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद, माजघर काळोखं, आत ओले कपडे वाळत घातलेले आणि सगळी माणसं एका छपराखाली. उन्हाळ्यात जे घर चारही बाजूंनी वाहतं असतं ते जूनमध्ये बंद पेटी होतं. पावसाळ्यात साथ का पसरते याचं एक मोठं उत्तर इथेच आहे. ताडपत्री काढा असं कोणी म्हणणार नाही. पण ती वरून हात-दीड हात मोकळी सोडता येते. वाऱ्याच्या उलट बाजूची खिडकी दिवसभर उघडी राहू शकते. पाऊस उघडला की पाच-दहा मिनिटं सगळी दारं सताड उघडायची. यांतलं काहीच खर्चाचं नाही.

चुलीबद्दलही सांगायलाच हवं. पावसाळ्यात लाकडं ओली असतात आणि धूर दुप्पट होतो. या धुराने श्वासनलिकेच्या आतलं अस्तर सुजतं आणि विषाणू बाहेर ढकलण्याची त्याची ताकद घटते. घरातल्या धुरामुळे लहान मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो हे जगभर दिसून आलं आहे. गॅस असूनही आंघोळीचं पाणी आणि भात चुलीवर करणारी घरं अजून पुष्कळ आहेत. निदान घरात कोणी खोकत असेल तेवढे दिवस तान्ह्या बाळाला आणि दम्याच्या माणसाला स्वयंपाकघरापासून लांब ठेवा, आणि उन्हाळ्यातच थोडी लाकडं सुकवून कोरडी झाकून ठेवा.

मास्क घातल्याने काय होतं, असं आता लोक उघड विचारतात. २०२०-२१ मध्ये जगाने मास्क लावला, अंतर ठेवलं, प्रवास थांबवला, आणि फ्लू जवळजवळ दिसेनासा झाला. इतका, की बी-यामागाटा नावाचा फ्लूचा एक प्रकार मार्च २०२० नंतर जगात कुठेही खात्रीने सापडलेला नाही, आणि पुढे तो लसीतूनही वगळायचं ठरलं. तेव्हाचं सगळं आयुष्य परत आणायचं नाही. पण खोकणाऱ्या माणसाने आणि त्याची सेवा करणाऱ्याने मास्क लावणं, एसटीत खिडक्या बंद असताना लावणं, एवढं सहज जमण्यासारखं आहे. नाकाभोवती घट्ट बसणारा एन-९५ कापडी मास्कपेक्षा पुष्कळ चांगला. पावसात मास्क भिजतो आणि भिजलेल्या मास्कमधून धड श्वास घेता येत नाही. एक कोरडा मास्क प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवावा.

हातांचं थोडक्यात: साबणाने वीस सेकंद धुवावेत. फ्लू आणि करोनाच्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. ऱ्हायनोव्हायरसला हे आवरण नसतं, म्हणून त्याच्यावर सॅनिटायझर कमी पडतो. पण साबण-पाण्याने तो हातावरून वाहून जातो.

गणपतीचे दिवस

कोकणात साथ समजून घ्यायची असेल तर गणपतीचा आठवडा डोळ्यांसमोर आणावा लागतो. मुंबईहून चाकरमानी निघतो. रेल्वेचा डबा किंवा एसटी खच्चून भरलेली, पाऊस म्हणून काचा बंद, रात्रभराचा प्रवास. तिथे लागण झाली तर चतुर्थीला तो अगदी ठणठणीत असतो, गणपतीच्या डोक्यावर फळा-पानांची माटोळी बांधतो, मूर्ती आणायला जातो. ऋषिपंचमीला अंग कसकसतं, पण ते दगदगीचं वाटतं. गौरी येईपर्यंत घरातली दोन-तीन माणसं खोकू लागतात. विसर्जन करून चाकरमानी परततात आणि मागे घरात उरतात सत्तरीचे आई-वडील आणि त्यांचा ताप. यात कोणाचा दोष नाही. फ्लूला लक्षणं दाखवायला लागणारे दिवस आणि आपल्या सणाचे दिवस नेमके एकमेकांत बसतात.

त्यात रात्रीच्या आरत्या. वाडीतली मंडळी घरोघर जातात, लहानशा माजघरात पंचवीस-तीस माणसं दाटीने उभी राहतात आणि झांजांच्या तालावर वरच्या पट्टीत आरत्या म्हणतात. हळू बोलण्यापेक्षा मोठ्याने गाताना तोंडातून कितीतरी जास्त थेंब बाहेर पडतात. आरती बंद करा असं मी सुचवणार नाही. वर्षभर ओस पडलेल्या वाडीला त्या आवाजानेच जाग येते. पण पुरुष मंडळी ओटीवर आणि पडवीत उभी राहू शकतात, मागचं आणि पुढचं दोन्ही दारं उघडी राहू शकतात, आजी-आजोबांची खुर्ची गर्दीच्या मधोमध ठेवण्याऐवजी दारापाशी ठेवता येते. ज्याला खोकला आहे त्याने त्या दिवशी अंगणातून नमस्कार करावा. कोणी त्याला विचारू नये, की आत का नाही आलास.

२०२० साली गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. तेव्हा चाकरमान्यांना आधी येऊन विलगीकरणात राहावं लागलं आणि गाव विरुद्ध चाकरमानी अशी कटुताही बऱ्याच ठिकाणी आली. ती पुन्हा नको. त्यापेक्षा घरातल्या घरात मोकळेपणाने बोलता यायला हवं. निघायच्या आदल्या दिवशी मुलाला ताप आला तर त्याने फोन करून सांगावं, आणि आईनेही "ये बाबा, पण आधी बरा हो, गौरीपर्यंत आलास तरी चालेल" असं म्हणावं. पॅरासिटामॉल न घेता चोवीस तास ताप आला नाही, की प्रवास करायला हरकत नाही. त्यापुढचे पाच दिवस म्हाताऱ्या माणसांजवळ बसताना मास्क लावावा.

घरात कोणी आजारी पडलंच, तर खिडकी असलेली खोली त्याला द्यावी. एकाच खोलीचं घर असेल तर त्याचं अंथरूण खिडकीखाली घालावं आणि बाकीच्यांनी विरुद्ध दिशेला डोकं करून झोपावं. सेवा एकानेच करावी, आणि ते माणूस घरातलं सर्वांत म्हातारं नसावं. बहुतेक घरांत हे काम सुनेच्या वाट्याला येतं. गणपतीचा स्वयंपाक, पाहुणे आणि आजारी माणूस हे सगळं एकटीवर टाकलं तर पुढची आजारी तीच. तिलाही झोपेची गरज असते, हे घरातल्या पुरुषांनी ठरवून लक्षात ठेवायला हवं.

सर्दी नसलेला ताप

साथीच्या काळात एक मोठी चूक होते: प्रत्येक ताप त्या साथीचाच धरला जातो. करोनाच्या दिवसांत कित्येकांनी साधा ताप लपवला, कारण नेऊन कोंडतील ही भीती होती. याउलट आता बहुतेक ताप 'व्हायरल' म्हणून सोडून दिला जातो. कोकणात दोन्ही धोक्याचं आहे, कारण याच पावसात लेप्टोस्पायरोसिस, डेंग्यू आणि मलेरियाही असतात.

लेप्टोचे जंतू उंदराच्या आणि गुरांच्या मुतातून चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या जखमेतून, भेगांमधून शरीरात शिरतात. लावणी करताना दिवसभर अनवाणी चिखलात उभं राहावं लागतं, म्हणून भातशेती करणाऱ्यांना हा आजार जास्त होतो. पूर ओसरल्यावर घर साफ करणाऱ्यांनाही तोच धोका. लागण झाल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांनी ताप येतो. ओळखायची खूण अशी: ताप जोराचा, पोटऱ्या प्रचंड दुखतात, डोळे लाल होतात, पण नाक वाहत नाही. वेळेवर साध्या अँटिबायोटिकने बरा होणारा हा आजार उशीर झाला तर मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसं निकामी करू शकतो. लावणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा घ्यायच्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांबद्दल प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंकडे जरूर विचारा. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना त्या द्यायच्या नसतात, म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या उचलून घेऊ नका.

डेंग्यूत डोळ्यांच्या मागे दुखतं, अंगावर पुरळ येऊ शकतं, आणि खरा धोका ताप उतरताना असतो. मलेरियात थंडी वाजून हुडहुडी भरते. डॉक्टरांकडे गेल्यावर "ताप आहे" एवढंच सांगून थांबू नका. गेल्या दोन आठवड्यांत चिखलात काम केलं का, पायाला जखम आहे का, घरात आणखी कोण आजारी आहे, मुंबईहून कोणी आलं होतं का, हे आपणहून सांगा. त्या चार वाक्यांवर कोणती रक्तचाचणी करायची ते ठरतं.

तापाचं निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच घ्यावी. मोठ्या माणसाने एका वेळी ५०० किंवा ६५० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि दिवसभरात मिळून ३ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही. दारू पिणाऱ्यांनी आणि यकृताचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. मुलांचा डोस वजनावर ठरतो. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा. डेंग्यू असेल तर त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, आणि फ्लू झालेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन दिल्यास मेंदू व यकृतावर गंभीर परिणाम होऊ शकतो. सर्दी, फ्लू, करोना हे विषाणूंचे आजार, त्यांवर अँटिबायोटिक चालत नाही. फ्लूवर ऑसेलटामिव्हिर हे औषध आहे, पण लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत घेतलं तर त्याचा खरा उपयोग. म्हणून गरोदर बाई, मधुमेही, दमेकरी, हृदयाचा रुग्ण किंवा पासष्टीपुढचं माणूस तापलं तर तीन दिवस वाट बघू नये.

घरगुती उपायांतला सगळ्यात चांगला मला विचाराल तर पेज. ऊनऊन पेज, मिठाचा खडा, वर मेतकूट किंवा कुळथाची पिठी: पाणी, मीठ आणि पचेल असं अन्न एका वाडग्यात. आल्याचा काढा, कोकमाचं सार यांनी घशाला बरं वाटतं, ते प्यावं. त्यांनी विषाणू मरतात असं मात्र नाही. वर्षापुढच्या मुलाला खोकल्यासाठी चमचाभर मध चालतो, त्याआधी अजिबात नाही. वाफेने नाक मोकळं वाटतं, पण उकळत्या पातेल्याने मुलं भाजतात, त्यांना ती देऊ नका.

घाट बंद व्हायच्या आधी

शहरात रात्री दोन वाजता तब्येत बिघडली तरी हॉस्पिटल गाठता येतं. इथे परशुराम घाटात किंवा आंबा घाटात दरड आली की वाट अडते. रत्नागिरीचे गंभीर रुग्ण कोल्हापूरला आणि सिंधुदुर्गातले बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला न्यावे लागतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा करोनाची साथ चालूच होती. त्यामुळे आपल्याकडे दवाखान्यात जायचा निर्णय एक पायरी आधी घ्यायला हवा, आणि तो दिवसाउजेडी घ्यायला हवा.

थांबायचं नाही अशी लक्षणं पाठ असू द्या. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, लघवी कमी होणं, गुंगी, असंबद्ध बोलणं. आणखी एक खूण, जी बऱ्याच जणांना माहीत नसते: ताप उतरला, दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा जोराचा ताप व खोकला आला, तर फ्लूच्या मागून न्यूमोनिया आलेला असू शकतो. म्हाताऱ्या माणसांना कधीकधी ताप येतच नाही. ती नुसती जेवेनाशी होतात, गोंधळतात, पडतात. बाळ दूध ओढत नसेल तर थांबू नका. मूल शांत असताना त्याच्या पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त असतील तर लगेच न्यावं.

'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत २०२० च्या सप्टेंबरपासून आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या, तेव्हा ते यंत्र बऱ्याच घरांनी विकत घेतलं. ते कपाटात पडलं असेल तर बॅटरी बदलून ठेवा. पावसात बोटं गार पडतात आणि आकडा चुकीचा येतो. हात चोळून ऊन करा, नखाचा रंग पुसा, मिनिटभर बोट स्थिर ठेवा. ऑक्सिजनचा आकडा ९४ किंवा त्याखाली आला तर १०८ ला फोन करा.

लसीचं मात्र पावसाळ्याआधीच बघावं लागतं. फ्लूचा विषाणू बदलत राहतो म्हणून लसही दरवर्षी नवी असते. टोचल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि काही महिन्यांनी ते उतरू लागतं. ऑगस्टमध्ये, चाकरमानी यायला चार दिवस असताना घेतलेली लस त्या गर्दीत उपयोगी पडत नाही. एप्रिलच्या अखेरीपासून मे महिना ही आपल्या भागासाठी चांगली वेळ. सहा महिन्यांपुढच्या बाळापासून बहुतेक सगळ्यांना ती चालते. नऊ वर्षांच्या आतल्या मुलाला पहिल्यांदाच देत असाल तर महिन्याच्या अंतराने दोन डोस लागतात. गरोदर बाईने घेतली तर जन्मणाऱ्या बाळालाही सुरुवातीचे काही महिने तिचा आधार मिळतो. ज्येष्ठांसाठी न्यूमोनियाची लसही त्याच भेटीत विचारून घ्या. मे महिन्यात आंब्यांसाठी मुलं गावी येतातच. त्यातली एक सकाळ आई-वडिलांना तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन लस देण्यासाठी ठेवता येईल, आणि सरकारी रुग्णालयात ती मोफत आहे का हे आशाताईंना आधी फोन करून विचारता येईल.